मोठ्या सर्वेक्षणांमध्ये करिअर करायचं असेल तर काय शिकावं?

स्टॅटिस्टिक्स, इकॉनॉमिक्स, समाजशास्त्र, कुठूनही येता येतं, पण सॅम्पलिंग, म्हणजे सगळ्यांमधून मोजकी घरं किंवा माणसं कशी निवडायची ते, पक्कं हवं. मुंबईत देवनारला आयआयपीएस ही लोकसंख्या अभ्यासाची संस्था आहे, तिथे लोकसंख्याशास्त्रात मास्टर्स करता येतं आणि एनएफएचएस, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणासारखा सर्व्हे तेच बघतात, २०१९-२१ च्या फेरीत ६ लाखांवर कुटुंबं होती! सोबत आर किंवा स्टाटा हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर शिका, पीएलएफएस या रोजगाराच्या सरकारी सर्वेक्षणाचा डेटा सरकारी साइटवर फुकट मिळतो, त्यावर हात बसवा.

पण माझं ऐकाल तर आधी फील्डवर जा. निवडलेल्या घराला कुलूप असेल तर शेजारचं घर घेऊन चालत नाही, पुन्हा संध्याकाळी जावं लागतं, कारण दिवसभर मजुरीला जाणारी माणसंच नाहीतर आकड्यांतून गायब होतात. प्रोजेक्टवरच्या नोकऱ्या बहुतेक कंत्राटी असतात, तेवढी तयारी ठेवा.