मागाच्या खडखडाटात झोपणारं लेकरू फटाक्याला का घाबरतं?

घट बसले की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या आईवडिलांच्या तोंडी एक प्रश्न हमखास असतो: मूल फटाक्यांना फार घाबरतं, पुढं कायमचं भित्रं तर राहणार नाही ना? विचारणारी बहुतेक वेळा आई असते, आणि तिला घरातल्या कुणीतरी आधीच सुनावलेलं असतं की लाडावून ठेवलंस म्हणून हे असं झालं. अशाच एका घराची ही हकिगत. ओळख पटू नये म्हणून नाव आणि काही तपशील बदलले आहेत.

ओम पाच वर्षांचा, मोठ्या शिशूत. वडील सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला, आई घरीच शाळेचे युनिफॉर्म शिवते, धाकटी बहीण आठ महिन्यांची. दसरा झाल्यावर दोघं ओमला घेऊन आले. "दिवेलागण झाली की दाराबाहेर पाऊल टाकेना झालाय ओ मॅडम," आई सांगत होती. "दर पाच मिनिटाला विचारतो, आज कुणी फटाके वाजवणार का? नाही रे बाबा, कुणी नाही वाजवत, म्हणून सांगते, पण पटतच नाही त्याला. आता तर रात्री अंथरूणपण ओलं करलालाय."

मागच्या दिवाळीत चुलतभावांनी त्याच्या पायाशी लवंगीची माळ पेटवून टाकली होती. तो रडत सुटला, तेव्हा भीती मोडावी म्हणून काकांनी त्याला कडेवर घट्ट धरून समोरच सुतळी बॉम्ब लावला. वर्षभर सगळं शांत होतं. यंदा गणपतीच्या मिरवणुकीत आवाज सुरू झाले आणि ती भीती पुन्हा वर आली.

वडिलांचं म्हणणं सरळ होतं. "नाटक आहे हे. माझी सासुरवाडी पूर्व भागात, घराखालीच कापड विणायचे माग आहेत. तिथं भर दुपारी मागांच्या खडखडाटात हा ढाराढूर झोपतो. तिथं बरं कान दुखत नाहीत, आणि चौकात एक फटाका वाजला की गादीखाली घुसतो."

त्यांचं निरीक्षण अगदी बरोबर होतं, आणि उत्तरही त्यातच होतं. मागाचा आवाज मोठा असला तरी तो एका लयीत चालतो. पुढचा ठोका कधी पडणार हे शरीराला आधीच ठाऊक असतं, म्हणून ते निर्धास्त राहतं. फटाका मात्र कधी वाजेल, कुठून वाजेल, काहीच सांगता येत नाही. अचानक झालेल्या आवाजाला दचकणं हे जन्मापासून आपल्या अंगात असतं. पापण्या मिटतात, खांदे वर जातात, छाती धडधडते, आणि हे सगळं विचार करायच्या आत होऊन जातं. मोठ्या माणसाला पुढच्या क्षणी कळतं की फटाका होता, विषय संपला. पाच वर्षांच्या मुलाला तेवढं लवकर कळत नाही. या वयात कल्पना जोरात धावते. फटाका खिडकीतून आत येईल, बहिणीच्या पाळण्यात पडेल, असं ओमच्या डोक्यात होतं. घरात हे कुणी त्याला विचारलंच नव्हतं.

माझ्या टेबलावर डब्याचं स्टीलचं झाकण होतं. ओमला न सांगता मी ते फरशीवर टाकलं. तो आईच्या मांडीत शिरला. मग झाकण त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, आता तू टाक, तुला वाटेल तेव्हा. बराच वेळ त्यानं ते दोन्ही हातांत धरून ठेवलं, एकदा वडिलांकडे बघितलं आणि टाकलं. आवाज तोच झाला, पण खांदे हलले नाहीत. त्यानं ते उचललं आणि पुन्हा टाकलं, मग पुन्हा, जरा उंचावरून. वडील मोबाईलमध्ये काहीतरी बघत होते. ओमनं हळूच त्यांच्या खुर्चीमागे जाऊन झाकण सोडलं. दिवसभर मागांच्या आवाजात काम करणारा तो माणूस खुर्चीतून अर्धा उठला. ओम खदखदून हसला, आणि वडीलही. नाटकाचा विषय त्यानंतर निघाला नाही.

मुलाला आवाजाची सवय नाही म्हणून तो घाबरतो, असं धरून चाललं की माणसं त्याला आवाजाजवळ ओढत नेतात. ओमची अडचण वेगळी होती. त्या आवाजावर त्याचा काडीचाही ताबा नव्हता. काकांनी कडेवर धरून बॉम्ब लावला, तेव्हा होता नव्हता तो ताबाही गेला. पळणं एवढंच त्याच्या हातात होतं, तेही काढून घेतलं. याच्या उलट, पूर्ण वाचवत राहिल्यानंही भीती वाढते. दार-खिडक्या बंद, टीव्ही मोठा, फटाका वाजला की लगेच आतल्या खोलीत. त्यानं मुलाला एवढंच कळतं की बाहेर खरंच काहीतरी भयंकर आहे, आईसुद्धा पळतेय. मधली वाट अशी की आवाजाला सामोरं जायचं, पण किती जवळून आणि कधी, हे मुलानं ठरवायचं.

दसरा ते लक्ष्मीपूजन म्हणजे वीस दिवस. सहामाही परीक्षा, मग सुट्टी, घरात फराळाची गडबड, त्यात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. त्या दिवशी आईला भांडी भरण्यापलीकडे काही सुचत नाही. अशा घराला रोज तासभर बसून करायचे खेळ सांगण्यात अर्थ नसतो. म्हणून थोडंच सांगितलं.

सगळ्यात आधी खोटा दिलासा बंद. 'आज कुणी वाजवणार नाही' म्हणायचं आणि तासाभरात समोरच्या गल्लीत धडाम व्हायचं, की आईच्या शब्दावरचा विश्वास गेला. मग तोच प्रश्न दिवसातून चाळीस वेळा येणारच. त्याऐवजी सांगायचं, "हो, अंधार पडला की वाजतील. वाजले की आपण दोघं मिळून मोजू." एकदा उत्तर दिलं की पुढच्या वेळी त्यालाच विचारायचं: "मी काय सांगितलं होतं?"

मोजायचं ते असं. लांब आकाशात फटाका फुटला की उजेड लगेच दिसतो, आवाज मागून येतो. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. गच्चीवर उभं राहून उजेड दिसला की 'एक, दोन, तीन' म्हणायला लागायचं आणि आवाज आला की थांबायचं. तीन आकडे झाले, म्हणजे फटाका किलोमीटरभर लांब. गल्लीतल्या फटाक्याला याचा उपयोग नाही, उजेड-आवाज एकदमच येतात; म्हणून सुरुवात लांबच्यांपासून. ओमला हे फार आवडलं. आवाज येणार हे त्याला आधी कळत होतं, आणि कुठं आहे हेही.

वडिलांकडे एक काम दिलं: मोबाईलवर फटाक्यांचा आवाज लावायचा, पण आवाज कमी-जास्त करायचं बटण ओमच्या बोटाखाली. त्याला नको झालं की बंद, त्यावर एक शब्द बोलायचा नाही. कोजागिरीला ते मित्रांबरोबर तुळजापूरला चालत गेले, पंचेचाळीस किलोमीटर, आणि पुढं दोन दिवस पायांमुळे खेळ बंद पडला. तेवढ्यानं काही बिघडलं नाही.

चुलतभावांनाही सामील करून घेतलं. अंगणात खडूनं रेघ मारायची, ती कुठं मारायची हे ओमनं सांगायचं. वात पेटवायच्या आधी भावांनी ओरडायचं, "ओम, लावू का?" त्यानं हो म्हटल्यावरच लावायचं. पहिल्या दिवशी रेघ पार जिन्याच्या वरच्या पायरीवर होती. आजी म्हणाल्या, एवढ्या लांबून काय दिसणार? दिसायची गरजच नव्हती.

काकांना मी भेटले नाही, पण एक गोष्ट निरोपानं कळवली. चार मीटर अंतरावर १२५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज करणाऱ्या फटाक्यांना १९९९ पासून नियमानं बंदी आहे, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिवाळीत फटाक्यांसाठी रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली होती. गल्लीनं ही वेळ खरंच पाळली, तर ओमसारख्या मुलांना निम्मी मदत तिथंच होते. कारण 'आठ ते दहा वाजतील, मग झोपायचं' असं आई खात्रीनं सांगू शकते. हातात फुलबाजी द्यायचा आग्रहही नको म्हटलं. जळत्या फुलबाजीचं तापमान हजार अंश सेल्सियसच्या वर जातं. पाच वर्षांच्या मुलानं तिच्यापासून लांब राहणं हे शहाणपणाचंच आहे.

दिवाळी कशी गेली? नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगाला बसला असतानाच बाहेर माळ लागली, तो तेल माखलेल्या अंगानं आईला बिलगला. लक्ष्मीपूजनाला खडूची रेघ दोन पायऱ्या खाली आली. रात्री अकराला कुणीतरी मोठा बॉम्ब लावला, तेव्हा पुन्हा रडला. वडील शेजारी बसून म्हणाले, "मीपण दचकलो रे." पाडव्याला त्यानं भुईचक्र पाहिलं, कानावर हात ठेवून, पण जागेवरून न हलता. फटाका त्यानं एकही लावला नाही. अंथरूण ओलं करणं भाऊबीजेनंतर हळूहळू थांबलं.

आईला एक काळजी अजून होती, ती इतरांनाही असते: हे नुसतं भिणं आहे की कानाचं काही दुखणं? मिक्सर, कुकरची शिट्टी, गाडीचा हॉर्न यांनाही मूल बारा महिने कान झाकत असेल, सर्दी-कानदुखी वारंवार होत असेल, तर आधी कानाच्या डॉक्टरांना दाखवावं. आवाजाबरोबरच बोलणं उशिरा आलेलं असेल, नजरेला नजर देत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांकडून विकासाची तपासणी करून घ्यावी. आणि सण संपून सहा महिने झाले तरी शाळा, खेळ, झोप यांवर भीतीचा परिणाम होत असेल, तर समुपदेशकाकडे यावं. ओमच्या बाबतीत यातलं काही नव्हतं. कुकरच्या शिट्ट्या तो मोजून आईला सांगतो.

शेवटच्या भेटीत वडिलांनी विचारलं, जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेत, होम मैदानावर शोभेचं दारूकाम असतं, त्याला न्यावं का? मी म्हटलं, त्यालाच विचारा, आणि कुठं उभं राहायचं तेही त्यालाच ठरवू द्या. लांबच्या एखाद्या गच्चीवरून बघायचं म्हणाला, तर गच्चीवरूनच बघा. मोजायला तीन आकडे तरी मिळतील.