तपशील तू लिही

बेटा,

परवा रात्री फोनवर तू जे बोललीस ते डोक्यातून जात नाही. नळयोजनेच्या पंपाची फाइल तुझ्या टेबलावर आलीय, आत एका पुरवठादाराचं दरपत्रक टाचलंय, आणि साहेब म्हणाले, "त्यातलेच तपशील उतरवून घे, शेवटी एल-वनलाच, सगळ्यांत कमी दरवाल्यालाच द्यायचंय." प्रशिक्षणात तुला शाश्वत विकास उद्दिष्टांतलं 12.7 शिकवलं, सरकारी खरेदी शाश्वत करायची म्हणून. आणि हातात पडली ही फाइल. "काका, मग मी नेमकं करू काय?" तू विचारलंस. फोनवर मला धड सांगता आलं नाही.

तपशील तू लिही. पंप नेमका कसा हवा ते तू ठरव, पुरवठादारानं नाही. बाकी सगळं त्यानंतर.

निविदा उघडायच्या दिवशी तुझ्या हातात काहीच नसतं. पण दर कशाचे मागवायचे हे महिनाभर आधी, तुझ्याच टेबलावर ठरतं. एल-वनला शिव्या देणारे खूप भेटतील. मी देत नाही. कमी दराचा नियम नसता तर कामं कुणाकुणाला गेली असती, ते मी पाहिलंय. कमीत कमी दर घ्यायचाच, पण कशाचा? तो "कशाचा" कोरा ठेवला, की ती कोरी जागा पुरवठादार भरतो. म्हणून ते दरपत्रक फाइलमधून काढून बाजूला ठेव.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. 2006 साली गिरणाकाठच्या एका गावासाठी मी पंप घेतला. तपशिलात लिहिलं, "उत्तम प्रतीचा 25 अश्वशक्तीचा पंप." बस, एवढंच. उत्तम प्रत मी कशानं मोजणार होतो? 38 हजारांनी स्वस्त पंप आला आणि वरून शाबासकी मिळाली. तो पंप तासाला चार युनिट जादा खायचा. दिवसाला दहा तास, म्हणजे 40 युनिट. वर्षाला 14,600. युनिटला सात रुपये धर, 1 लाख 2 हजार 200 झाले. वाचवलेले 38 हजार साडेचार महिन्यांत गेले, आणि पंप तर नऊ वर्षं चालला. बिल थकलं, जोडणी तोडली. आपल्याकडचा मे महिना तुला सांगायला नको. बाया नदीच्या पात्रात झिरे खोदून वाटीवाटीनं पाणी भरत होत्या. पंप चालवणारा म्हातारा मला म्हणाला, "भाऊसाहेब, हाऊ पंप पानी कमी आन बिल जास्ती देस." माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी कुणाचा पैसा खाल्ला नव्हता. फक्त एक ओळ नीट लिहिली नव्हती.

ती ओळ अशी लिही. हेड किती, म्हणजे पाणी किती उंच चढवायचं, डिस्चार्ज किती, म्हणजे तासाला किती पाणी हवं, आणि त्या ठिकाणी पंपाची कार्यक्षमता किती टक्क्यांच्या खाली चालणार नाही, हे आकड्यात. दर तपासताना पंपाची किंमत अधिक पाच वर्षांची वीज. तो हिशेब कुठल्या सूत्रानं करणार, ते निविदेतच छापायचं. लिफाफे उघडल्यावर काढलेलं सूत्र म्हणजे पक्षपात, आणि त्यावर लेखापरीक्षक आक्षेप घेईल तर बरोबरच घेईल. शेवटचा हप्ता पंपहाऊसवर मीटर लावून चाचणी झाल्यावर. मेकचं, म्हणजे कंपनीचं नाव कुठेही येऊ देऊ नकोस. पर्यावरणपूरक, दर्जेदार, आधुनिक असले शब्द खोड. जे मोजता येत नाही ते ठेकेदाराला सोडूनच दिलेलं असतं.

साहेब म्हणतील, असा नियम कुठाय? या वाक्याचा मला मनस्वी कंटाळा आलाय. केंद्राच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांत, नियम 173 मध्ये, विजेच्या उपकरणांना ठरवून दिलेलं किंवा त्याहून वरचं स्टार रेटिंग हवं असं सरळ लिहिलंय. ते केंद्राचं आहे म्हणतील. म्हणू देत. टिपणीत दाखला म्हणून जोड. राज्याची खरेदीची नियमपुस्तिका 1 डिसेंबर 2016 ची आहे, ती कपाटात नको, टेबलावर हवी. तू वाचलीस का? खरं सांग. युरोपनं तर 2014 च्या खरेदी निर्देशातच वस्तूच्या सगळ्या आयुष्याचा खर्च धरायची सोय केली. आपलं तर साधं वीजबिल धरायचं काम आहे.

आणि एलईडी बल्ब बघ. 2014 मध्ये सरकारी खरेदीत तो 310 रुपयांना पडत होता. पुढे उजाला योजनेत देशभराची मागणी एकत्र करून निविदा निघाल्या आणि दोन-तीन वर्षांत भाव 40 रुपयांच्या आत आला. तिथंही कमी दरालाच काम दिलं. पण किती वॉट, किती उजेड, किती वर्षांची हमी, हे घेणाऱ्यानं आधी ठरवलं होतं. तपशील घेणाऱ्याचा होता.

आता विटांचं सांगतो, कारण ते मला अजून सलतं. 2011 ला एका शाळेच्या चार खोल्यांचं अंदाजपत्रक मी जुन्यावरून उतरवलं आणि "लाल विटा" तसंच ठेवलं. दीपनगरच्या कोळशावरच्या वीज केंद्राची राख तिथून 40 किलोमीटरवर पडलेली. 1999 पासूनची केंद्राची अधिसूचना मला ठाऊक होती. 2011 ला अशा केंद्रापासून 100 किलोमीटरच्या आतल्या बांधकामात राखेची उत्पादनं वापरायची होती. 2016 ला ती हद्द 300 किलोमीटर झाली, म्हणजे नंदुरबारपर्यंतचा सगळा खानदेश त्यात आला. ठाऊक असून मी लिहिलं नाही, मार्चअखेर होती म्हणून. त्या विटांसाठी कुणाच्या तरी शेताची कसदार माती भट्टीत गेली. ती परत येत नाही.

पुढच्या शाळेला मी राखेच्या विटा लिहिल्या, आयएस 12894 या भारतीय मानकाप्रमाणे, दाबशक्ती आणि पाणीशोषण दोन्हीच्या चाचणीसह. ठेकेदार बोंबलला, "असल्या विटा कोण घेतं?" लेखापरीक्षणात परिच्छेद, म्हणजे लेखी आक्षेप लागला, की दरसूचीतली नेहमीची बाब सोडून वेगळी का घेतली. तीन वर्षं मी त्याला उत्तरं देत होतो. माझी पदोन्नती त्या काळात अडकली. घरातही बोलणी खाल्ली. पण अधिसूचनेची प्रत, चाचणीचे अहवाल, दोन्ही विटांचं दरपृथक्करण, सगळं फाइलला होतं, आणि परिच्छेद वगळला गेला. लोक म्हणायचे, हा हट्टी आहे. होतो. त्या शाळेच्या भिंती आजही उभ्या आहेत आणि मला कुणी काही म्हटलं तरी मी त्या भिंतींकडे बोट दाखवतो. तुला हे मोठेपणा म्हणून वाटेल. वाटू दे. परिच्छेद लागेल म्हणून घाबरून तपशील कोरा सोडणारे माझ्या बरोबरीचे कितीतरी जण सुखानं निवृत्त झाले, आणि त्यांच्या गावांचे पंप अजून जादा युनिट खातायत.

फैजपूरला 1936 ला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यातलं पहिलं. नंदलाल बोस यांनी तिथला मंडप, कमानी गावात मिळणाऱ्या सामानातून उभ्या केल्या, कारण काय वापरायचं याचा आग्रह गांधीजींनी आधीच धरला होता. माझ्या आजोबांनी ते पाहिलं होतं. म्हणून हे दिल्लीहून आलेलं नवं खूळ आहे असं कुणी म्हणालं की मला राग येतो.

तुझ्यावर रागावलो नाही. तू विचारलंस तरी. मी तुझ्या वयात कुणालाच विचारलं नव्हतं.

रविवारी पंपहाऊसवर जा. जुन्या पंपाचं मीटर रीडिंग तासाभराच्या अंतरानं दोनदा घे, टाकी भरायला लागणारा वेळ लिहून घे, विहिरीची पातळी मोज. पंप चालवणाऱ्याशी बोल, त्याला कुणी विचारत नाही. तो कागद घेऊन संध्याकाळी घरी ये. मसुदा तू लिहायचा, मी शेजारी बसून वाचेन.

तुझा,
काका