कोकणात घरच्या घरी आर्केड मशीन बनवायचं तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की दापोलीला राहतो, सोल्डरिंग कधी केलेलं नाही, तरी एस.टी. स्टँडजवळच्या पार्लरमध्ये असायचं तसं उभं व्हिडिओ गेम मशीन घरात बनवता येईल का.

येईल. सोल्डरिंग तर यात लागतच नाही. मी रत्नागिरीकडचा. आपल्याकडे या कामात वायरिंग फारसा त्रास देत नाही. छळतात ते लाकूड, दमट हवा आणि अधूनमधून जाणारी वीज. म्हणून सुताराला आत्ताच बोलावू नका. मशीनचं लाकडी कपाट सगळ्यात शेवटी.

आधी घरातला जुना पीसी किंवा लॅपटॉप शोधा. बाटोसेरा ही जुने गेम चालवणारी, फुकट मिळणारी सिस्टीम पेनड्राइव्हवर टाकून त्यावरूनच चालवता येते, हार्डडिस्कला धक्का लागत नाही. फक्त पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा लग्नाचे फोटो असलेला घेऊ नका. गेमच्या फायलींबद्दल एक स्पष्ट सांगतो. जुन्या गेमचे हक्क बहुतेक वेळा अजून कुणाचे ना कुणाचे असतात. १९९७ पासून चालत आलेल्या, पार्लरमधले जुने गेम कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या मेम (MAME) या प्रकल्पाच्या अधिकृत साइटवर हक्कदारांनी मोकळे केलेले थोडे गेम आहेत, चाचणीपुरते ते भरपूर झाले. पीसी नसेल तर रास्पबेरी पाय ४ हा एका छोट्या बोर्डावरचा कॉम्प्युटर घ्या, पण त्याला ५ व्होल्ट ३ अँपिअरचाच चार्जर द्या. मोबाइलच्या साध्या चार्जरवर स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह चमकायला लागतं आणि गेम मध्येच अडखळतो.

आता खरी मजा, बटणं. ऑनलाइन ‘झिरो डिले यूएसबी एन्कोडर’ शोधलंत की बटणं कॉम्प्युटरला जोडणारा एक छोटा बोर्ड, जॉयस्टिक, बटणं आणि वायरी असं किट मिळतं. वायरी नुसत्या खोचायच्या. बटण उलटं करून बघा, खाली चिमुकला मायक्रोस्विच असतो. त्याला कधी दोनच पिना असतात, कधी तीन. तीन असल्या तर त्यांच्या बाजूला सीओएम (COM, सामाईक), एनओ (NO, दाबल्यावर जुळणारी), एनसी (NC, एरवी जुळलेली) अशी बारीक अक्षरं कोरलेली दिसतील. वायर सीओएम आणि एनओला लावायची. एनसीला लागली तर हात न लावता बटण दाबलेलंच राहतं, आणि नवशिक्याला वाटतं बोर्डच गेला. वायरीच्या टोकाच्या पितळी क्लिपा बहुधा २.८ मिमी किंवा ४.८ मिमी मापाच्या असतात. बटणाच्या पिना मोजूनच मागवा.

सगळं आधी चपलांच्या खोक्यात बसवा. खरंच. पुठ्ठ्याला भोकं पाडून आठवडाभर खेळा, म्हणजे मनगट कुठे दुखतं, दोन बटणांत किती अंतर हवं ते कळतं. १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ ला सहा बटणं लागतात, १९८० च्या पॅक-मॅनला एकही नाही, नुसती जॉयस्टिक. तीही चार दिशांची हवी. आठ दिशांच्या जॉयस्टिकवर पॅक-मॅन वळणावर अडकतो. काही जॉयस्टिकच्या खालची प्लेट फिरवली की आठच्या चार दिशा होतात, घेताना तेवढं बघा.

खोक्यातलं माप जमलं की लाकूड. परदेशी व्हिडिओंत बहुतेक जण एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी, वापरतात. आपल्याकडे ते मृगापासून पाणी पीत राहतं आणि दिवाळीपर्यंत कडा फुगून येतात. साधा एमआर (MR, थोडीच ओल सोसणारा) प्लायही नको. ‘आयएस ३०३’ हे भारतीय मानक आणि बीडब्ल्यूआर (BWR, उकळतं पाणी सोसणारा) असा शिक्का बघा, घर अगदी समुद्राला लागून असेल तर ‘आयएस ७१०’ म्हणजे मरीन. फणसाच्या फळ्या घरात पडून आहेत म्हणून सुतार त्याच वापरू म्हणेल, पण पॅनेलला त्या नकोतच, नीट वाळलेल्या नसल्या तर वाकतात. बाजूंना १८ मिमी, बटणांच्या पॅनेलला १२ मिमी पुरे. लाकडाच्या पॅनेलला नट फिरवून बसणारी बटणं घ्या, खटकन बसणारी पातळ पत्र्यासाठी असतात.

भोकाचं माप नेटवर वाचून ठरवू नका. कुठली बटणं ३० मिमीची, कुठली २८ची, स्टार्टची बरेचदा २४ची. बटण हातात आल्यावर मोजा. होल सॉ, म्हणजे ड्रिलला लावायची गोल करवत, एका बाजूने अर्धा चालवा, मधल्या बारीक भोकावरून प्लाय उलटा करा आणि उरलेलं दुसऱ्या बाजूने कापा. एका दमात आरपार गेलात तर खालच्या थराच्या ढलप्या निघतात. कापलेल्या प्रत्येक कडेला आणि भोकांच्या आतूनही प्रायमर मारा, पाणी शिरतं ते तिथूनच.

मशीन चिऱ्याच्या भिंतीला टेकवू नका, वीतभर जागा सोडा. मागे जाळी लावा, नाहीतर आत पाली आणि मुंग्या बिऱ्हाड करतात. पावसात आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवलंत तर आतली ऊब ओल धरू देत नाही. खाऱ्या वाऱ्याने क्लिपांवर हिरवट थर येतो आणि बटण कधी लागतं, कधी नाही. वीज बंद करून क्लिप काढायची, कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा, पुन्हा खोचायची.

वीज अचानक गेली की रास्पबेरी पायचं मेमरी कार्ड खराब होऊ शकतं. सगळं जमून आल्यावर कार्डाची एक प्रत कॉम्प्युटरवर काढून ठेवा, आणि घरी इन्व्हर्टर असेल तर मशीन त्याच्याच लाइनवर घ्या.

स्क्रीन म्हणून जुना १९ इंची एलसीडी मॉनिटर उत्तम. त्याला फक्त जुनी व्हीजीए जोडणी असली आणि तुमच्या पीसीला किंवा रास्पबेरी पायला ती नसली, तर एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा कन्व्हर्टर लागेल. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही उघडून बसवायच्या फंदात मात्र पडू नका, प्लग काढल्यावरही त्यात जोरदार झटका देण्याइतका करंट साठून राहतो.

आणि जॉयस्टिक नुसत्या लाकडात पिळलेल्या स्क्रूवर ठेवू नका. गणपतीत चाकरमान्यांची पोरं आली की ती चार जणांच्या हातून हिसडे खाणार. आरपार बोल्ट, खालून वॉशर आणि नट, तेही पोरं यायच्या आधी.