पाच रुपयाचा पुडा, पण किती ग्रॅमचा? : वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यात तूरडाळीच्या भावाबद्दल विचारा म्हटलं होतं, पण पत्रं आली ती वेगळ्याच गोष्टीची. भाव वाढला नाही पण माल कमी झाला, हे जवळपास प्रत्येक पत्रात आहे. त्यातली चार इथं घेतली, बाकीच्यांचा प्रश्न त्यातच येऊन जातो. मी स्वतः गावात वीस वर्षांपासून किराणा दुकान चालवते त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या काट्यावरचा आहे.

प्रश्न (एक वाचक ताई, दारव्हा तालुका) : ताई, आमच्या घरी चार लेकरं हायेत, दोन माही दोन जावेची. शाळेतून आले की एक बिस्किटचा पुडा फोडतो अन् वाटून देतो. पहिले चौघाईले तीन-तीन येत होते अन् बुढीच्या चहाले एखादं उरत होतं, आता बारा बी भरत नाहीत अन् लहाना रडते. तेलाचंही तसंच. पाकीट कॅनमध्ये ओतलं की कॅनले जिथं पोचा आहे तिथवर तेल येत होतं, आता बोटभर खालीच राहते. दुकानदार म्हणते भाव तर तोच हाय. मंग आमचं तेल जाते कुठं? हे कायद्यात चालते का?

उत्तर : ताई, तुमचं मोजमाप बरोबर आहे. तो पोचा म्हणजे तुमच्या घरचं मापच झालं. तेलाचं पाकीट पहिले एक लिटरचं यायचं म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, आणि आता माझ्याच दुकानाच्या फळीवर ८७०, ८५०, ८०० ग्रॅमची पाकिटं आहेत, रंग तोच, चित्र तेच, उंचीही तेवढीच, हातात घेतलं तरी कळत नाही. ओतलं की मग कळते.

कायद्यात चालते का, तर सांगताना वाईट वाटते पण हो, चालते. पाकिटावर जेवढं छापलं तेवढं आत असलं की कायद्यानं ते बरोबर. पहिले असं नव्हतं. तेल, चहा, साबण, पीठ, मीठ अशा रोजच्या वस्तू किती-किती वजनात विकायच्या याची यादीच २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमात होती, मनात येईल ते वजन भरता येत नव्हतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये नियम बदलले आणि २०२२ मध्ये ती यादी गेली. तिच्या बदल्यात असं ठरलं की कंपनीनं एमआरपीच्या जवळ एका ग्रॅमचा नाहीतर किलोचा भाव छापायचा. किलोच्या आतलं पाकीट असेल तर ग्रॅमचा, वरचं असेल तर किलोचा, पातळ वस्तू असेल तर मिलिलिटरचा नाहीतर लिटरचा. यूएसपी अशी तीन इंग्रजी अक्षरं बारीक छापलेली असतात, तेच ते. आज घरातला कोणताही पुडा उलटा करून पाहा, सापडेल.

पण इथं एक अडचण आहे आणि ती कोणी सांगत नाही. हा भाव दोन दशांशापर्यंतच छापतात. समजा पाच रुपयाचा पुडा ६६ ग्रॅमचा आहे, तर एका ग्रॅमला साडेसात पैशाच्या थोडं वर पडते, छापतात ०.०८. तोच पुडा उद्या ५९ ग्रॅमचा झाला तर साडेआठच्या थोडं खाली, तेही ०.०८ च. सात ग्रॅम गेले आणि छापलेला आकडा हलला नाही. म्हणून लहान पुड्याचा हिशोब स्वतः किलोवर करायचा. पाचला ७० ग्रॅम म्हणजे किलोला ७१ रुपये, पाचला ५५ ग्रॅम म्हणजे किलोला ९१. वजन पंधरा ग्रॅमनं कमी झालं हे ऐकायला काहीच वाटत नाही, पण किलोमागं वीस रुपये वाढले म्हटलं की पोटात गोळा येतो. खरा भाव तो. आणि १० ग्रॅम किंवा त्याच्याही आतल्या पुड्यांना तर या नियमातून सूटच आहे.

कंपन्या असं का करतात हे पण समजून घ्या. पाच आणि दहाचा पुडा लेकरू नाणं घेऊन येऊन नेते, त्याचे साडेपाच करता येत नाहीत, सुटे कोण देणार? मग मालाचा खर्च वाढला की ग्रॅम कापतात. २०२२ मध्ये युक्रेनची लढाई सुरू झाली आणि सूर्यफूल तेल अडलं, त्यातच एप्रिलच्या शेवटी इंडोनेशियानं पाम तेल बाहेर पाठवणं बंद केलं, ते मे च्या २३ तारखेला पुन्हा चालू झालं. बिस्किट, शेव-चिवडा, अंगाचा साबण, सगळ्यात पाम तेल लागते आणि आपल्याला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरूनच येते. म्हणजे तिकडचं भांडण तुमच्या लहान्याच्या बिस्किटापर्यंत आलं. इथपर्यंत मी समजू शकते. पण पुढं तेल उतरलं तेव्हा कापलेले ग्रॅम परत आलेले मी माझ्या फळीवर फार कमी पाहिले, आणि राग येतो तो याचाच. २२ सप्टेंबर २०२५ ला बिस्किट आणि साबणावरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आला, पॅकबंद शेव-फरसाणवरचा १२ वरून ५ वर. तेव्हा बऱ्याच कंपन्यांनी सांगितलं होतं की पाच-दहाच्या पुड्यात भाव उतरवणं अवघड आहे म्हणून आम्ही वजन वाढवून देऊ. तेव्हा ताई, घरात एखादं जुनं वेष्टन पडलं असेल तर नव्याच्या बाजूला ठेवून पाहा वाढलं का.

माझं म्हणणं विचाराल तर वजन कमी केलं की पुड्याच्या तोंडावरच मोठ्या अक्षरात लिहायला लावलं पाहिजे. फ्रान्समध्ये १ जुलै २०२४ पासून मोठ्या दुकानांना तशी पाटीच लावावी लागते, पुढं दोन महिने, की या वस्तूचं वजन कमी झालं आणि भाव इतका वाढला. तिथं जमते तर इथं का जमू नये?

प्रश्न (एक दुकानदार भाऊ, आर्वी तालुका) : गिऱ्हाईक मलेच चोर म्हणते ताई. परवा एका बाईनं साबण काउंटरवर आपटला अन् म्हणे तू कापून इकतं का. पेटीत नग तेवढेच येतात, बिलही तेवढंच येते, माह्या हातात काय हाय? गावात तोंड दाखवायचं असते आपल्याले.

उत्तर : भाऊ, हे माझ्या दुकानातही झालं आहे, आणि तेही रोजच्या येणाऱ्या बाईकडून, त्यामुळे रात्री झोप लागली नव्हती. गिऱ्हाईकाची चूक नाही, त्याच्या समोर कंपनी नसते, तुम्ही असता.

मी काय केलं ते सांगते. नवा माल आला की पेटी फोडताना पहिले वजन पाहते, बदललं असलं तर जुन्या मालातलं एक वेष्टन काढून ठेवते आणि दोन्ही वेष्टनं काउंटरच्या मागच्या पुठ्ठ्यावर चिकटवते, वजनाला लाल पेनाचा गोल करून. आता साबणाच्या दोन वेष्टनांपासून सुरू झालेला तो पुठ्ठा भरत आला आहे. बाया स्वतः येऊन वाचतात, एकमेकींना दाखवतात. माझ्यावरचा आळ गेला आणि दोन वस्तू तर लोकांनी घेणंच बंद केलं, मी पण मागवणं बंद केलं.

सुट्या मालाचं तेवढं सांभाळा. डाळ-तांदूळ सुटा विकत असाल तर इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी वैधमापनवाल्यांकडून, म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याकडून, तपासून शिक्का घ्यावा लागतो, ते प्रमाणपत्र समोर लावून ठेवा. कंपनीवर बोट ठेवायचं तर आधी आपला काटा खरा पाहिजे. आणि मोठं घ्या स्वस्त पडते असं डोळे झाकून सांगू नका, शाम्पूचा बऱ्याचदा उलटा हिशोब असतो, पुड्या बाटलीपेक्षा मिलिलिटरला स्वस्त पडतात. गिऱ्हाईकाला कागदावर भागाकार करून दाखवला की ते आपलं होते.

प्रश्न (एक शेतकरी, अकोट तालुका) : किराण्याचं जाऊ द्या, खताचं सांगा. युरियाची बॅग ५० ची होती ते ४५ ची झाली, आता कृषी केंद्रावाला ४० किलोची सल्फरवाली घ्या म्हणते, पैसे तेवढेच. हेही तेच लुटणं होय का?

उत्तर : भाऊ, हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला कारण यात पीक हातचं जाऊ शकते. दोन गोष्टी वेगळ्या करून पाहू.

५० वरून ४५ झालं ते मार्च २०१८ पासून. तेव्हा भावही उतरवला होता. निमकोटिंग (दाण्यावरचा निंबोळी तेलाचा थर) आणि कर सोडून ५० किलोला २६८ रुपये होते ते ४५ किलोला २४२ केले. किलोला दोन्हीकडे पाच रुपये छत्तीस-अडतीस पैसेच येतात, म्हणजे खिशातून काही गेलं नाही. ते केलं होतं आपल्या सवयीसाठी. आपण एकरी किलो मोजत नाही, बॅगा मोजतो, एकरी एक बॅग म्हटलं की एक बॅग. बॅग लहान केली की शेतात युरिया आपोआप कमी टाकला जाईल असा तो विचार होता. बिस्किटवाल्यांनाही आपली हीच सवय माहीत आहे, आपण पुडे मोजतो, ग्रॅम नाही. फरक एवढाच की युरियाचा भाव उतरवला आणि बिस्किटाचा नाही.

आता ४० किलोची युरिया गोल्ड. २०२४ मध्ये तिचा भाव २६६ रुपये ५० पैसे ठरला, म्हणजे ४५ किलोच्या साध्या निमकोटेड बॅगेएवढाच. नुसतं वजन पाहिलं तर पाच किलो गेले. पण तिच्यात १७ टक्के गंधक आहे, ते साध्या युरियात नसते, आणि सोयाबीन, भुईमूग अशा तेलबियांना गंधक लागतेच. म्हणून तिला मी लूट म्हणणार नाही. पण नत्र मोजा. साध्या युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे ४५ किलोच्या बॅगेत २०.७ किलो. गोल्डमध्ये ३७ टक्के, म्हणजे ४० किलोत १४.८. जवळपास सहा किलोचा फरक आहे भाऊ. कपाशीला एकरी एक साधी बॅग देणाऱ्यानं एक गोल्डची बॅग टाकली आणि तेवढंच दिलं असं समजलं तर झाड पिवळं पडल्यावर कळेल. जमिनीत गंधक कमी आहे का हे माती तपासून पाहा, कमी असेल तर गोल्ड घ्या आणि नत्राचा हिशोब कृषी सहायकाकडून लावून घ्या. बॅगेचा हिशोब आता सोडावाच लागेल आपल्याला.

प्रश्न (नववीतली विद्यार्थिनी, मूल तालुका) : मी बाबांच्या काट्यावर अर्धा किलो डाळीचं पाकीट मोजलं तर ४८८ ग्रॅम भरलं. बाबा म्हणतात तक्रार करू. करायची का?

उत्तर : बाळा, मोजलंस हेच मला फार आवडलं. छापलेलं वजन कमी करणं आणि छापलेल्यापेक्षा कमी भरणं यात फरक आहे, दुसरं तर गुन्हाच आहे. पण भरताना थोडं इकडं-तिकडं होते म्हणून नियमात सूट आहे, अर्ध्या किलोला १५ ग्रॅमपर्यंत. तुझं बारानं कमी आहे, तेही पिशवीसकट मोजलं असेल तर आतली डाळ अजून कमी असेल, कारण छापलेलं वजन नुसत्या मालाचं असते. तर असं कर, त्याच मालाची न फोडलेली चार-पाच पाकिटं मोज आणि एक रिकामी पिशवी वेगळी मोजून प्रत्येकातून वजा कर. एखाद्यात १५ ग्रॅमच्या आत कमी भरलं तर चालून जाते, पण सगळीच पाकिटं कमी निघाली तर ते चालत नाही, सरासरी छापल्याएवढी यायलाच पाहिजे. तसं निघालं तर पाकिटं फोडू नका, बिल सांभाळा आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा, मराठीत बोलतात, किंवा जिल्ह्याच्या वैधमापन कार्यालयात लेखी द्या. साबण मात्र असा मोजू नको, तो पडून-पडून सुकतो आणि हलका होतो, म्हणून त्याच्या वेष्टनावर वजन भरतानाचं आहे असं इंग्रजीत लिहिलेलं असते.

पाचही पाकिटांचे आकडे आणि पिशवीचं वजन मला लिहून पाठव, पुढच्या महिन्यात इथंच छापू.