'द फर्स्ट ड्यूटी' या भागात वेस्ली क्रशरने आपल्या मित्रांना दगा दिला का? आणि स्टार ट्रेकच्या चाहत्यांना तो एवढा का खटकतो?

नाही, दगा नाही दिला. पण त्याच्यावर एक आरोप आहे जो मला खरा वाटतो, आणि गंमत म्हणजे त्यावर फारसं कोणी बोलतच नाही, त्याच्याकडे शेवटी येते.

ज्यांनी हा भाग बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन'चा हा पाचव्या सीझनचा भाग, मार्च १९९२ मधला. वेस्ली म्हणजे एंटरप्राइझ या अंतराळ जहाजावरच्या डॉक्टर बेव्हर्ली क्रशरचा मुलगा, तोपर्यंत जहाज सोडून स्टारफ्लीट अकॅडमीत, म्हणजे या जहाजांवरचे अधिकारी घडवणाऱ्या संस्थेत, कॅडेट झालेला आणि नोव्हा स्क्वॉड्रन नावाच्या पाच जणांच्या उड्डाण टीममधे असलेला. शनीजवळ सराव करताना अपघात होतो, चौघं वाचतात, जोशुआ अल्बर्ट नावाचा मुलगा मरतो. चौकशीत टीमचा लीडर निक लोकार्नो सांगतो की जोशुआ घाबरला आणि त्याच्यामुळे सगळं बिघडलं. खरं म्हणजे हे पाचही जण कोल्वूर्ड स्टारबर्स्ट नावाची कसरत करत होते, म्हणजे पाच यानं एकमेकांच्या अगदी दहा मीटरवरून जातात आणि मागे प्लाझ्मा पेटवून आकाशात चांदणीसारखी नक्षी काढतात. शंभरएक वर्षांपूर्वी हीच कसरत करताना पाचही कॅडेट मेले होते म्हणून अकॅडमीने त्यावर बंदी घातलेली असते. लोकार्नो पास आउट होणार असतो आणि जाताना त्याला नाव करून जायचं असतं. वेस्ली आधी गप्प बसतो, शेवटी भर चौकशीत उभा राहून सगळं सांगतो. लोकार्नोची हकालपट्टी होते, बाकी तिघांचं, म्हणजे वेस्ली आणि टीममधल्या सिटो आणि हाजार या दोन मुलींचं, वर्ष जातं.

आता तो का खटकतो, हे पटकन सांगते कारण त्याचं उत्तर सोपं आहे. मालिका १९८७ ला सुरू झाली तेव्हा वेस्लीचं काम करणारा विल व्हीटन पंधरा वर्षांचा होता आणि त्याला लिहून काय दिलं तर जहाजावरचे सगळे मोठे, अनुभवी, शिकलेले लोक हात टेकतात आणि मग हा पोरगा येऊन तोड सांगतो. एकदा चालतं, दोनदा चालतं, मग प्रेक्षकाला वाटायला लागतं की याला हुशार दाखवायला बाकीच्यांना ढ केलंय. 'डेटालोर' नावाच्या भागात तर जहाजावरचा यंत्रमानव अधिकारी डेटा याच्या जागी त्याचा दुष्ट भाऊ लोर आलाय हे एकट्या वेस्लीच्या लक्षात येतं आणि त्याला कॅप्टनपासून आईपर्यंत सगळे गप्प बस म्हणतात. शेवटी बरोबर तोच ठरतो, पण लोकांच्या लक्षात काय राहिलं, तर ते 'गप्प बस वेस्ली'. त्यात परत मालिकेचा निर्माता जीन रॉडनबेरी याचं मधलं नाव वेस्ली, त्यामुळे हा लेखकाचा लाडका, असा शिक्का बसला तो बसलाच. मला स्वतःला यात त्या मुलाचा दोष काही दिसत नाही, कागदावर जे होतं ते त्याने केलं, आणि 'वेस्ली मर मर मर' अशा अर्थाच्या नावाचा इंटरनेटवर गट काढण्यापर्यंत लोक गेले हे मला आजही वाचताना वाईट वाटतं. शाळकरी वयाचा पोरगा होता हो तो.

'द फर्स्ट ड्यूटी' म्हणूनच महत्त्वाचा आहे, कारण इथे पहिल्यांदा वेस्ली चुकीच्या बाजूला उभा आहे आणि ते त्याला माहीत आहे.

आमचा पुण्यात एक छोटा ग्रुप आहे, शनिवारी रात्री कर्वेनगरला एकाच्या फ्लॅटवर बसून जुन्या सायन्स फिक्शन मालिका परत बघतो. हा भाग लावला त्या रात्री वाद एवढा रंगला की दुसऱ्या दिवशी सकाळी एआरएआयच्या टेकडीवर चढतानाही तोच विषय चालू होता. माझा मावसभाऊ खडकवासल्याला एनडीएत होता, आता फौजेतून बाहेर पडलाय, त्याचं म्हणणं अगदी ठाम, वेस्लीने चुकीचं केलं. तो म्हणाला अगं तुला कोर्समेट म्हणजे काय ते बाहेरून कळणार नाही, रगडा म्हणजे शिक्षा मिळाली तर सगळे मिळून खातात, कोणी कोणाचं नाव सांगत नाही, कारण उद्या खऱ्या लढाईत ह्याच माणसाच्या भरवशावर तुला पुढे जायचं असतं. हे मी उडवून लावत नाही. आणि त्याला शिक्षेचा भाग जसा भिडला तसा आम्हाला कोणालाच भिडला नाही, कारण वेस्ली, सिटो आणि हाजार यांचं वर्ष जातं आणि त्यांची बॅच पुढे निघून जाते, ते बघून तो लगेच म्हणाला, हे तर रेलिगेशन. ज्याने एनडीएच्या पोरांना एक टर्म मागे पडताना बघितलंय त्याला माहितीये की त्यात सहा महिने गेल्याचं दुःख कमी असतं आणि आपले कोर्समेट आपल्याला सोडून पासिंग आउट परेडला उभे आहेत ह्याचं जास्त असतं.

पण माझा मुद्दा असा की कोर्समेट चार नव्हते, पाच होते. जोशुआ पण त्यांचाच होता ना? मित्र की सत्य असा हा वाद सगळे मांडतात तिथेच मला गडबड वाटते, कारण लोकार्नो टीमला वाचवतोय असं म्हणताना टीममधल्या त्या एकाला सोडून देतो जो आता बोलू शकत नाही. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच. सगळ्यांनी मिळून केलेल्या चुकीचं खापर गेलेल्या मुलावर, आणि तेही त्याच्या वडिलांच्या देखत.

त्या वडिलांचा एक प्रसंग आहे, दोन मिनिटांचा असेल नसेल. जोशुआचे वडील स्वतः स्टारफ्लीटमधे अधिकारी आहेत, ते वेस्लीच्या खोलीवर येतात. हातात एक स्वेटर. मुलाचं सामान आवरताना सापडला, तुझा आहे ना, म्हणून परत द्यायला आलेले. टीम कुठेतरी थंडीत गेली होती तेव्हा वेस्लीने जोशुआला तो घालायला दिला होता. वेस्ली तो घेतो, काय बोलावं ते त्याला सुचत नाही, आणि मग तो माणूस त्याची माफी मागतो. माझ्या मुलाने तुम्हाला तोंडघशी पाडलं म्हणून. मुलगा गेलाय आणि बाप त्याच्या मित्राची माफी मागतोय, आणि ज्याच्यापुढे मागतोय त्याला माहितीये की जोशुआची काही चूक नव्हती. वर हे पण लक्षात घ्या की वेस्लीचे स्वतःचे वडील, जॅक क्रशर, एंटरप्राइझचा कॅप्टन पिकार्ड याच्या हाताखाली मोहिमेवर असताना गेलेले, तेव्हा हा लहान होता. घरातलं एक माणूस ड्युटीवर गेलं की मागे राहणाऱ्यांना त्याच्या नावाचं किती असतं हे त्याच्याइतकं त्या खोलीत कोणाला कळणार. मला विचाराल तर वेस्ली खरा तिथेच मोडतो, पिकार्ड पुढे जे बोलतो ते नंतरचं.

दुसरी गोष्ट, वेस्ली आधी खोटं बोलतो का? सरळ सरळ थोडंच बोलतो. ठरलेलं तेवढं सांगतो, बाकी गाळतो. आपल्याकडे ह्याला 'नरो वा कुंजरो वा' म्हणतात आणि धर्मराजाचा रथ त्या एका वाक्याने जमिनीला टेकला हे लहानपणी आजीकडून ऐकलेलं असतं. मग उपग्रहाने टिपलेली प्रतिमा समोर येते, त्यात यानं त्यांनी सांगितलेल्या फॉर्मेशनमधे नाहीतच, आणि वेस्लीला विचारतात की हे कसं, तेव्हा तो म्हणतो माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. नंतर पिकार्ड त्याला खोलीत बोलावून नेमकं हेच पकडतो, की काही गाळून सांगितलेलं खरं हे खोटंच असतं, आणि अधिकाऱ्याचं पहिलं कर्तव्य सत्याशी, मग ते विज्ञानातलं असो, इतिहासातलं असो नाहीतर स्वतःपुरतं. भागाचं नाव तिथून आलंय. पिकार्ड झालेला पॅट्रिक स्टुअर्ट त्या प्रसंगात सुरुवातीला आवाजसुद्धा चढवत नाही, शांतपणे एकेक दार बंद करत जातो, आणि मग एकदम चढतो तेव्हा बघणाऱ्याची पण मान खाली जाते.

इथे विरोधी पक्षाचा सगळ्यात दमदार मुद्दा येतो. पिकार्ड त्याला स्वच्छ सांगतो, तू सांग नाहीतर मी सांगतो. मग वेस्लीच्या खरेपणाला किंमत काय राहिली, मानगूट धरल्यावर तर कोणीही बोलेल. आमच्यातली एक मैत्रीण शेवटपर्यंत ह्यावरच अडून होती. माझं उत्तर असं की पिकार्डकडे त्या क्षणी अंदाज होता, पुरावा नव्हता. चौकशी मंडळ तर दुसऱ्या दिवशी ताकीद देऊन प्रकरण मिटवायच्या बेतात होतं. वेस्ली 'कॅप्टनचा गैरसमज झालाय' म्हणू शकला असता, लोकार्नो त्याला तेच करायला सांगत होता, आणि चार साक्षी एकीकडे, एक अंदाज दुसरीकडे. धाक होता, मान्य, पण पळायला वाट पण होती आणि तो त्या वाटेने गेला नाही.

हा भाग रोनाल्ड मूर आणि नरेन शंकर यांनी लिहिलाय आणि लिहितानाच ह्या मुद्द्यावर मतभेद होते. मूरला वाटत होतं की वेस्लीने मित्रांच्या बाजूने राहावं, मालिकेची धुरा सांभाळणारा मायकेल पिलर म्हणाला सत्याच्या बाजूने. म्हणजे तुम्ही विचारलेला प्रश्न लेखकांच्या खोलीत पण सुटायला जड गेला होता, आणि मला वाटतं म्हणूनच लोकार्नो सपाट खलनायक झाला नाही. तो शेवटी सगळं स्वतःवर घेतो, मी ह्यांना भरीला घातलं म्हणतो, बाकीच्यांना काढू नका म्हणून विनवतो. टीमला वाचवीन म्हणाला होता, वाचवतो. वेस्ली स्वतः हे पिकार्डपुढे कबूल करतो आणि त्या कबुलीत मला मोठेपणा दिसतो.

रॉबर्ट डंकन मॅकनील ह्याने लोकार्नो केला आणि १९९५ ला 'व्हॉयेजर' या पुढच्या स्टार ट्रेक मालिकेत तोच टॉम पॅरिस म्हणून आला. पॅरिसची मागची गोष्ट बघा, त्याच्या चुकीने अपघात, माणसं मेलेली, आधी खोटा अहवाल. सगळं लोकार्नोसारखंच. फरक एवढाच की पॅरिसला ते सहन होत नाही आणि तो आपणहून जाऊन कबूल करतो. चेहरा तोच, गुन्हा जवळजवळ तोच, पण एकाला प्रेक्षकांनी सात सीझन आपला मानला. त्यामुळे खरं सांगणारा माणूस प्रेक्षकांना आवडत नाही असं काही नाही. वेस्लीवरचा राग जुना आहे, तो पहिल्या सीझनचा हिशेब लोक इथे चुकता करतात.

आता तो आरोप, सुरुवातीला म्हटलं तो. सिटो जाक्सा. नोव्हा स्क्वॉड्रनमधली बजोरन, म्हणजे बजोर या ग्रहावरची, मुलगी, ह्या भागात तिला फार काही काम नाही. वेस्ली उभा राहतो तेव्हा स्वतःचं सांगता सांगता तिचं आणि दुसरी मुलगी जीन हाजार हिचं पण सांगून टाकतो. लोकार्नोशी त्याचं मोठं भांडण आधीच झालेलं असतं, त्याला कल्पना असते. पण त्या दोघींना विश्वासात घेऊन 'मी उद्या बोलणार आहे, तुम्ही पण माझ्यासोबत उभ्या राहा' असं म्हणताना आपल्याला तो दिसत नाही. सातव्या सीझनमधे, १९९४ ला, 'लोअर डेक्स' नावाच्या भागात सिटो परत येते, एंटरप्राइझवर अगदी कनिष्ठ अधिकारी म्हणून, आणि तिथे ती पिकार्डला सांगते की अकॅडमीत नंतर तिच्याशी कोणी मैत्री केली नाही, उड्डाणाच्या परीक्षेला जोडीदार व्हायला कोणी तयार होईना म्हणून तिला प्रशिक्षकाबरोबर परीक्षा द्यावी लागली. वेस्लीचं धाडस सगळ्यांना दिसलं, चर्चा त्याचीच होते, अजून आपण त्याच्यावरच भांडतोय, आणि ही मुलगी कोणाचं लक्ष नसताना रोज त्याच वर्गात जाऊन बसली, पुढे पास झाली, आणि तिच्यापुढे जे वाढून ठेवलं होतं ते मी इथे सांगत नाही. माझ्या मते वेस्लीने सत्य सांगून दगा दिला नाही, पण त्या दोघींना आधी विचारलं असतं तर कदाचित त्या स्वतःच उठल्या असत्या, आणि ती संधी त्याने त्यांच्याकडून घेतली. हे ऐकल्यावर मावसभाऊ मात्र पहिल्यांदा थांबला, आणि म्हणाला की हे बरोबर, सगळ्यांनी मिळून जाऊन सांगितलं असतं तर मी कोणालाच नावं ठेवली नसती. लोकार्नोच्या बाबतीत तो अजून हटलेला नाही, आणि हटावं असा माझा आग्रहही नाही.

तुम्ही बघणार असाल तर सगळी मालिका आधी संपवायची काही गरज नाही. पाचव्या सीझनचा एकोणिसावा भाग बघा, मग सातव्याचा पंधरावा. मधे कितीही दिवस गेले तरी चालतील, फक्त उलट क्रमाने बघू नका. आणि बघून झाल्यावर सिटोबद्दल तुम्हाला काय वाटलं ते इथे नक्की लिहा, वेस्लीवर बोलणारे खूप भेटतात, तिच्यावर बोलणारं कोणी भेटत नाही.