पोको एवढा चांगला होता, तर चालला का नाही?

तुमचा प्रश्न असा की ईगल्स हा अमेरिकन बँड सगळ्यांना पाठ आहे, मग त्याच वळणाच्या पोको या बँडचं नाव कुणी का घेत नाही. आणि तुमच्या बँडमध्ये तुम्ही त्यांची गाणी बसवताय. उत्तर सोपं आहे. रॉकवाल्या रेडिओ स्टेशनांना तो जास्तच कंट्री (म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या गाण्यांचा) वाटला आणि कंट्रीवाल्यांना जास्तच रॉक. पण मी लिहायला बसलो ते कुत्र्यामुळे.

१९६८ मध्ये बफेलो स्प्रिंगफील्ड हा बँड फुटला. त्यातले नील यंग आणि स्टीफन स्टिल्स पुढे किती मोठे झाले ते सांगायला नको. त्यातल्याच रिची फ्युरे आणि जिम मेसिना यांनी लॉस एंजेलिसला पोको उभा केला. आधी नाव होतं पोगो, पण त्या नावाच्या चित्रमालिकेचा बाप वॉल्ट केली भडकला, म्हणून एक अक्षर बदललं. पेडल स्टीलवर (आडवी ठेवून पट्टी सरकवत वाजवायची गिटार) रस्टी यंग, ड्रमवर जॉर्ज ग्रँथम, बेस गिटारवर रँडी माइझनर.

पहिला अल्बम १९६९ चा. मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज एकत्र जुळवणं, चालू असताना माइझनर म्हणाला, मलाही बसू द्या. फ्युरेने नकार दिला. माइझनर निघून गेला. मग त्यानं गायलेल्या मुख्य ओळी पुसून ग्रँथमकडून गाऊन घेतल्या, आणि कव्हरवरच्या चित्रात त्याच्या जागी चक्क एक कुत्रा काढला!

आता माझं. १९९४, पुणे. आम्ही पाच जण, माझ्याकडे भाड्याची बेस गिटार. चार गाण्यांची कॅसेट करायची म्हणून स्टुडिओ तासावर घेतला, तोही रात्रीचा, कारण रात्री स्वस्त पडायचा. शिकवण्यांचे साठवलेले पैसे मी त्यात घातले. मिक्सिंगच्या रात्री आमचा म्होरक्या दारातच म्हणाला, “अरे, आत खुर्च्या दोनच आहेत.” मी म्हटलं, उभा राहतो. तर म्हणे, “गर्दी झाली की कान चालत नाहीत.” पहाटेपर्यंत मी चहाचा थर्मास घेऊन जिन्यात बसलो होतो. मधून मधून दार उघडायचं, माझीच बेस कानावर यायची, आणि दार लागायचं. कॅसेट हातात आली तेव्हा दुसऱ्या गाण्यात माझ्या ओळी त्याच्या आवाजात होत्या. मी पुन्हा तालमीला गेलो नाही.

तो म्होरक्या अजून आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सांगत असतो, “मिक्सिंग मतदानानं होत नाही.” बरं. पण माइझनरचं काय झालं ते बघा. आधी गायक रिक नेल्सनच्या बँडमध्ये, मग १९७१ मध्ये ईगल्सच्या पहिल्या चौघांत. पोकोत त्याच्या जागी टिमथी श्मिट आला होता. १९७७ मध्ये माइझनरनं ईगल्स सोडला, तेव्हा तिथेही त्याच्या जागी श्मिटच. म्हणजे ज्याला खुर्ची दिली नाही, त्याची जागा भरायला दोनदा तोच माणूस लागला.

तेव्हा तुमच्या बँडला माझं एकच सांगणं: बेसवाल्यासाठी एक स्टूल न्या. नसेल तर शेजाऱ्याकडून मागून आणा.

फ्युरे खलनायक होता असं मात्र समजू नका. अशी गाणी रचणारे त्या काळातही थोडेच होते. आणि दुसऱ्या कडव्यात माझा सूर उतरला होता, हे कबूल. शिवाय ‘चालला नाही’ हेही पुरतं खरं नाही: १९७९ मध्ये पोकोचं ‘क्रेझी लव्ह’ अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत १७ व्या क्रमांकापर्यंत गेलं. फक्त ते रस्टी यंगचं होतं, आणि फ्युरेला बँड सोडून तेव्हा सहा वर्षं झाली होती.

ऐकायचं तर १९७१ च्या ‘डिलिव्हरिन’ या लाइव्ह अल्बमपासून सुरुवात करा. रस्टी पेडल स्टील लेस्ली स्पीकरमधून (ऑर्गनला लावतात तो आत फिरणारा स्पीकर) वाजवायचा, त्यामुळे ऑर्गन वाजतोय असं वाटलं की समजा तोच आहे. पहिला अल्बम त्यानंतर, हेडफोन लावून. आवाज पुसला, तरी बेस त्यांनी माइझनरचीच ठेवली होती.