वाचकांचे प्रश्न: जीनोड बांधताना

प्रश्न: जीनोडमध्ये (छोट्या, स्वतंत्र कॉम्पोनन्टमधून ऑपरेटिंग सिस्टिम उभारायच्या चौकटीत) आमचा छोटा प्रोग्रॅम बिनतक्रार कम्पाइल होतो. रन स्क्रिप्ट चालवली की मात्र लॉगमध्ये ‘नो रूट टू सर्व्हिस’ येतं आणि पुढे काही हलत नाही. एखादी लायब्ररी राहिली का?

उत्तर: लायब्ररी राहिली असती तर बिल्ड करतानाच ओरड झाली असती, किंवा लॉगमध्ये वेगळा संदेश आला असता. हा संदेश म्हणजे मागितलेल्या सेवेकडे जाणारा रूट, म्हणजे मार्ग, सापडला नाही. अडचण इनिटच्या (बाकीचे प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या कॉम्पोनन्टच्या) एक्सएमएल कॉन्फिगमध्ये आहे.

कर्नलच्या वर पहिला येतो ‘कोर’. मेमरी, सीपीयू, इंटरप्ट, बूट मॉड्यूल यांच्या सेवा तो पुरवतो. कोरचं अपत्य एकच, ‘इनिट’. बाकीचे कॉम्पोनन्ट इनिट सुरू करतो. टायमरची सेवा कोरकडे नसते, ती वेगळा कॉम्पोनन्ट देतो. म्हणून टायमरच्या ‘स्टार्ट’ नोडमध्ये ‘प्रोव्हाइड्स’ हवं आणि तुमच्या प्रोग्रॅमच्या ‘रूट’मध्ये ती सेवा कुठल्या चाइल्डकडून (इनिटने सुरू केलेल्या कॉम्पोनन्टकडून) घ्यायची, हे लिहिलेलं हवं. लॉग, रॉम, पीडी (प्रोटेक्शन डोमेन), सीपीयू या कोरकडून येणाऱ्या सेवांची नावं ‘पेरेंट-प्रोव्हाइड्स’मध्येही लागतात. नावं अक्षरशः जुळावी लागतात: टायमर सेवेचं पहिलं अक्षर कॅपिटल, तर चाइल्डचं नाव सहसा सगळं स्मॉल. बहुतेकजण इथेच अडकतात.

‘डिफॉल्ट-रूट’मध्ये ‘एनी-सर्व्हिस’, ‘एनी-चाइल्ड’ (कुठलीही सेवा, कुठल्याही चाइल्डकडून) टाकून काम भागतं, पण ते चाचणीपुरतंच ठेवा. कोणाला काय मिळावं यावर बंधन घालायचं नसेल, तर जीनोड घेतलंच कशाला?

प्रश्न: रूट दुरुस्त केले. आता ‘रिक्वेस्ट्स रिसोर्सेस’ असा संदेश येतो आणि प्रोग्रॅम तिथेच थांबतो. रॅम तर भरपूर आहे.

उत्तर: मशीनमध्ये आहे, तुमच्या कॉम्पोनन्टच्या वाट्याला नाही. वाटा ‘स्टार्ट’ नोडमध्ये ठरतो: रॅम ‘क्वांटम’ने आणि केपेबिलिटी (एखादी गोष्ट वापरायचे परवाने) ‘कॅप्स’ने. संदेशात रॅम कोटा आणि कॅप कोटा असे दोन आकडे असतात. जो शून्य नाही, तो कमी पडतोय. रॅम वाढवत बसतात आणि संपलेले असतात कॅप्स, असं वारंवार होतं. टायमरला 1 एमबी आणि 100 कॅप्स पुरतात.

दोन खर्च मात्र सहज दिसत नाहीत. सेशन (सेवेशी जोडणी) उघडताना क्लायंट स्वतःच्या कोट्यातून सर्व्हरला मेमरी देतो, त्यामुळे चार सेवा वापरणाऱ्याला हिशेबापेक्षा जास्त लागते. आणि इनिटच्या आत दुसरा इनिट असेल, तर आतल्याचा कोटा त्याच्या सगळ्या मुलांच्या बेरजेहून थोडा मोठा ठेवा. त्याला स्वतःलाही काही लागतं.

प्रश्न: सी लायब्ररी वापरायची आहे, पण बिल्डला ती सापडत नाही.

उत्तर: बिल्ड डिरेक्टरीतल्या ‘इटीसी’मधली ‘बिल्ड डॉट कॉन्फ’ उघडा आणि ‘लिबपोर्ट्स’च्या (बाहेरून आणलेल्या लायब्ररींच्या संग्रहाच्या) ओळीपुढचं हॅशचिन्ह काढा. मग ‘प्रिपेअर पोर्ट’ टूलने ‘लिबसी’चं सोर्स उतरवा, नाहीतर ‘पोर्ट्स नॉट प्रिपेअर्ड’ म्हणून बिल्ड थांबेल. शेवटी तुमच्या प्रोग्रॅमच्या ‘टार्गेट डॉट एमके’ या बिल्ड फाइलमधल्या ‘लिब्स’मध्ये ‘लिबसी’ लिहा.